कोरड्या विहिरीत नाल्याचं पाणी सोडायचं ठरतंय. थांबवू की होऊ देऊ?

सुकीकाठ
नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातला, घरची नऊ एकर केळी. एका प्रश्नाने पंधरा दिवस झोप नीट नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

गावाच्या खालच्या अंगाला आमची जुनी बांधीव विहीर आहे, नव्वद फूट खोल. आजोबांच्या वेळी तिच्यावर दोन मोटा चालायच्या. धाव आणि थारोळं अजून दिसतं. बोअर झाले, पाणी खाली खाली गेलं आणि मी शाळेत असतानाच ती कोरडी पडली. तेव्हापासून तिचा उकिरडा झाला. केळीचे खांब, सीएमव्ही (केळीवरचा विषाणूरोग) आला तेव्हा उपटलेली झाडं, गणपतीचं निर्माल्य, मेलेल्या कोंबड्या, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, सगळं तिच्यात. आम्हीही टाकलंय, खोटं कशाला बोलू.

आता गावात पुनर्भरणाचं, म्हणजे जमिनीखालचं पाणी परत भरण्याचं, वारं आहे, आणि ते चांगलंच आहे. १ मेच्या ग्रामसभेत ठराव येतोय की पावसाळ्यात नाल्याचं पाणी चारी काढून या विहिरीत सोडायचं. विहीर आमची असल्यामुळे संमती आमची लागणार. वडील एका पायावर तयार. पण तो नाला आधी केळीच्या बागांतून येतो, मग गावाच्या पाठीमागून, म्हणजे गटारी घेऊन. आणि विहिरीपासून तीनशे फुटांवर गावाचा पिण्याच्या पाण्याचा बोअर आहे.

मागच्या महिन्यात मी घरच्या बोअरचं पाणी तपासायला दिलं होतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आमचा आकडा जवळजवळ दुप्पट आला. वडील म्हणाले, "हेच पाणी पिऊन तू मोठा झालास." यावर मला उत्तर सुचलं नाही.

मी विरोध केला तर गाव म्हणेल पोरगा पाणी अडवतो. नाही केला तर उद्या त्या बोअरचं काय? ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा.

भो_यावल
भो, थांबवू नको. आमच्याकडे सातशे फुटांवर बोअर गेलेत आणि तरी मोटर हवा ओढते. पाणीच नसेल तर शुद्ध काय आणि अशुद्ध काय? पुनर्भरण व्हायलाच पाहिजे. कचरा काढा, पाणी सोडा. जमीन गाळून घेते सगळं.

गिरणामाय
@भो_यावल, तुमची तळमळ समजते. पण "जमीन गाळून घेते" हे विहिरीला लागू होत नाही, म्हणून जरा लांब लिहिते. भूजलाच्या कामात बरीच वर्षं गेली आहेत.

पाऊस वावरात पडतो तेव्हा तो मातीच्या थरातून हळूहळू उतरतो. त्या वरच्या काही फुटांत जिवाणू असतात, चिकण असते, मुळं असतात. घाण अडते, कुजते, काही नत्र पीक उचलतं. गाळणी म्हणतात ती हीच. विहिरीत थेट पाणी सोडलं की ही सगळी गाळणी ओलांडून आपण नाला सरळ नव्वद फूट खाली नेऊन ठेवतो.

त्यातून तुमचा भाग वेगळा आहे. जळगावच्या दक्षिणेला, पारोळा-चाळीसगावकडे काळा पाषाण. तिथे पाणी भेगांतून चालतं. तुमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, रेती, भरड वाळू यांचा पट्टा आहे आणि तिथून तापीकडे गाळाचा जाड थर. या पायथ्याच्या पट्ट्यात पाणी जितकं सहज मुरतं तितकं खान्देशात दुसरीकडे कुठे मुरत नसेल. ते वरदानच आहे, पण वाळूला पाणी आणि घाण यातला फरक कळत नाही. युरियातलं नत्र मातीत नायट्रेट होतं, ते पाण्यात पूर्ण विरघळतं आणि मातीच्या कणांना धरून राहत नाही. पाणी जाईल तिथे तेही जातं. दगड-खडी-वाळूची गाळणी खड्ड्यात केली तरी तिच्यात गाळ अडेल, नायट्रेट नाही.

सुकीकाठ, एक विचारते. हा नाला गावाच्या वरच्या अंगाला कसा आहे? बागा लागायच्या आधी, डोंगराच्या बाजूला?

ठिबकवाला
वाचतोय. धागा चांगला आहे.

अंजनीकाठ
आमनाकडे बी तेच शे भाऊ. जुनी हीर बुजी नही, तिना उकिरडा करी टाका. मना आजा हीरवर चप्पल काढीसन जाये. आते बठ्ठा गाव तिन्हामा कचरा फेकस. वाचीसन वाईट वाटनं.

खान्देशकन्या
मी आरोग्य सेविका आहे, धुळे जिल्ह्यात. नायट्रेटबद्दल सुकीकाठ यांच्या वडिलांना हे सांगा: मोठ्या माणसाला ते पाणी पिऊन लगेच काही होताना दिसत नाही, म्हणूनच ते लक्षात येत नाही. धोका सगळ्यात जास्त सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, आणि तोही वरचं दूध त्या पाण्यात कालवून देत असतील तर. बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. ओठ, नखं निळसर पडतात. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला ही भीती राहत नाही, म्हणून मी प्रत्येक बाळंतिणीला पहिलं तेच सांगते.

दुसरी गोष्ट, बायका मला हमखास म्हणतात, "ताई, आम्ही उकळून देतो." जंतूंसाठी उकळणं उत्तम. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट घट्ट होतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मलाही धक्का बसला होता.

वास नाही, रंग नाही, चव नाही. तपासल्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही.

भो_यावल
@खान्देशकन्या, ताई, उकळण्याचं माहीत नव्हतं. घरात नात आहे चार महिन्यांची. उद्याच नमुना देतो.

सुकीकाठ
@गिरणामाय, वरच्या अंगाला नाला एकदम स्वच्छ. वनखात्याच्या हद्दीतून निघतो, तिथे गोटेच गोटे. पहिल्या पावसात वाहतो आणि अर्ध्या मैलात मुरून जातो. जोराचा पाऊस झाला तरच गावापर्यंत येतो.

गिरणामाय
मग तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. गावाच्या वरचा नाला आणि गावाच्या खालचा नाला हे दोन वेगळे नाले समजा. वर बांध घाला, पाणी त्या गोट्यांवर पसरू द्या, स्वच्छ असताना मुरू द्या. खाली आल्यावर तेच पाणी गोळा करून विहिरीत घालण्यात अर्थ नाही.

पांझरेकाठी
सगळं बरोबर आहे, पण मला एक गोष्ट खटकते. विषय निघाला की बोट शेतकऱ्याकडे. नायट्रेट काय फक्त युरियातून येतं? गावागावात शौचालयं झाली, चांगलं झालं. पण खड्डे कुठे खणले? विहिरीपासून दहा पावलांवर. काहींनी सेप्टिक टाकीचा पाइप सरळ बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडलाय, मी स्वतः पाहिलंय. आमच्या शेताच्या वर एक कारखाना आहे, नाव घेत नाही. पावसाळा लागला की रात्रीतून ओढ्याला रंगीत पाणी येतं. तिथे कोण नमुना घ्यायला येतं?

१९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा आहे. ओढ्यात, विहिरीत किंवा जमिनीवरही घातक पदार्थ सोडायला त्यात स्पष्ट मनाई आहे. तो आधी मोठ्यांना लावा, मग आमच्या युरियाचं पोतं मोजा.

ठिबकवाला
@पांझरेकाठी, दादा, कारखान्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. रंगीत पाणी आलं की तारीख-वेळेसह फोटो काढा, शक्य तर दोन पंचांसमोर नमुना घ्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या. तोंडी तक्रार हवेत जाते.

पण आपल्या वावरात काय होतं तेही बोलू या, कारण ते आपल्या हातात आहे. केळीला शिफारस आहे झाडामागे २०० ग्रॅम नत्र, म्हणजे ४३५ ग्रॅम युरिया. पाच बाय पाचवर एकरी साधारण पावणेअठराशे झाडं. हिशोब करा, एकरी पावणेआठ क्विंटल युरिया, ४५ किलोच्या सतरा गोण्या. ही शिफारस आहे. ठिबकमधून विभागून दिलं तर त्यातही बचत होते. प्रत्यक्षात शेजाऱ्याची बाग काळीभोर दिसली की आपण दोन गोण्या वाढवतो, वर मिश्र खतं, वर शेणखत. झाड त्याला लागेल तेवढंच उचलतं. बाकीचं तुमच्या पुढच्या पाण्याबरोबर खाली. त्यात ठिबक चार तास जास्त चालू राहिलं तर धुऊनच निघालं म्हणा.

आता माझा स्वतःचा किस्सा. तीन वर्षांपूर्वी व्हेंच्युरीने, म्हणजे टाकीतलं खताचं पाणी ठिबकच्या पाइपात ओढणाऱ्या जोडणीने, युरिया सोडत होतो. टाकी भरलेली, नळी त्यात बुडालेली. मध्येच लाइट गेली. मोटर बंद पडली की पाइपातलं पाणी उलटं बोअरमध्ये परत जातं, आणि जाताना त्याने टाकीतलं खताचं पाणी ओढून नेलं. मी बांधावर शेवभाजी खात बसलेलो. येऊन पाहतो तर टाकी रिकामी आणि मीटर बंद. मला वाटलं झाडांना गेलं. मोटर सुरू झाल्यावर पहिलं पाणी नेहमीसारखं तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं, खारट-तुरट. तोच बोअर आमच्या सालदाराच्या घरी पिण्याला. दोन तास मोटर चालवून पाणी उपसून टाकलं, त्यांना आठवडाभर गावातून पाणी आणून दिलं. त्या माणसाने एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून जास्तच लागलं.

सबमर्सिबलला आत एक व्हॉल्व्ह असतो, पण तो वाळूने अडकतो. व्हेंच्युरीच्या आधी, मोटरच्या बाजूला, स्वतंत्र एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवा. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येतं का?

तापीतीर
@ठिबकवाला, हे फार महत्त्वाचं. फवारणीचंही तसंच. आमच्याकडे सगळे जण पंप विहिरीच्या कठड्यावर ठेवून भरतात, नळी पंपात बुडवून. आणि संध्याकाळी तिथेच धुतात.

मी आता दोनशे लिटरचा ड्रम वावरात नेतो, तिथेच औषध कालवतो. बाटली रिकामी झाली की तीनदा खंगाळायची, ते पाणी पंपातच ओतायचं. औषधही वाया जात नाही. मग बाटलीला खिळ्याने भोकं पाडायची म्हणजे कोणी रॉकेल-तेलाला वापरणार नाही. पुढे तिचं काय करायचं हा प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही. दुकानदार परत घेत नाही. गोणीत भरून शेडमध्ये ठेवल्यात, दोन गोण्या झाल्या.

खान्देशकन्या
शेडला कुलूप ठेवा दादा. लहान मुलं, गुरं.

वांगी_भरीत
जरा अवांतर. आमच्या भुसावळकडच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजतच नाही. चार शिट्ट्या जास्त. आई म्हणायची पाणी "जड" आहे. हे पण प्रदूषणच का? आम्ही म्हणून जारचं पाणी आणतो, वीस लिटरचा जार.

गिरणामाय
@वांगी_भरीत, डाळ न शिजणं म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, खडकातून-मातीतून आलेले. बऱ्याचदा ते नैसर्गिक असतं, आणि नुसत्या जडपणाने पाणी विषारी होत नाही. उलटही खरं आहे: ज्या पाण्यात डाळ छान शिजते त्यात नायट्रेट नसेल असं नाही.

जारबद्दल सांभाळून. थंड आहे म्हणजे शुद्ध आहे असं नव्हे. आरओ नीट चालत असेल तर नायट्रेट बरंचसं निघतं, हे खरं. पण पडदा कधी बदलला हे विचारा, आणि त्या जारचंही पाणी एकदा तपासायला द्या. शिवाय आरओ जे पाणी बाहेर टाकतो त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. गावच्या आरओचं ते पाणी कुठे जातं पाहिलंत? आमच्या पाहणीत एका ठिकाणी ते शोषखड्ड्यात जात होतं आणि शोषखड्डा होता त्याच आरओच्या बोअरला लागून.

वांगी_भरीत
बापरे. उद्या जाऊन बघतो. (आणि जड पाण्यातलं भरीत मात्र झकास होतं, त्याला शिजवायला पाणी लागतच नाही.)

जुनीवाट
भूजलाचा विषय आहे म्हणून एक जुनी आठवण देतो. खान्देशाची जुनी राजधानी बऱ्हाणपूर, आपल्या रावेरपासून हाकेच्या अंतरावर. तिथे १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात कुंडी भंडारा बांधला. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपत येणारं पाणी वाटेत भुयारात अडवायचं आणि कुंड्यांच्या माळेतून उतारावर शहरात न्यायचं. पंप नाही, काही नाही. मी शाळेच्या सहलीत खाली उतरलो होतो, पाणी गार आणि काचेसारखं.

@गिरणामाय म्हणतात तोच हा डोंगरपायथ्याचा झिरपा. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलं होतं की पाणी डोंगराकडे स्वच्छ आहे, ते तिथेच धरावं. सुकीकाठ, तुमच्या ग्रामसभेत हे सांगा. आपल्याकडची माणसं बऱ्हाणपूरला लग्नाच्या खरेदीला जातात, बहुतेकांनी कुंडी पाहिलेली असते.

पांझरेकाठी
@जुनीवाट, मग आमच्या पांझरेवरची फड पद्धत पण घ्या त्यात. बंधारे, पाट, आणि पाणी कोणी किती घ्यायचं ते गावाने ठरवायचं. पाटात घाण करणाऱ्याला गाव सोडत नसे. पाणी सगळ्यांचं दिसत होतं म्हणून सगळ्यांचा डोळा होता. जमिनीखालचं पाणी दिसत नाही, तिथेच अडचण आहे.

@ठिबकवाला, सतरा गोण्यांचा हिशोब रात्री परत केला. मी चोवीस टाकतो. यंदा माती तपासून घेतो आधी.

नवखा_सरपंच
मी एका छोट्या गावचा सरपंच आहे, म्हणून ग्रामपंचायतीच्या बाजूने लिहितो. पुनर्भरणाचं काम दाखवायला कोरडी विहीर सोपी पडते. खोदायचं नाही, जागा घ्यायची नाही, एक चारी काढली की फोटो तयार. वरचा बांध म्हटलं की वनखात्याची परवानगी, अंदाजपत्रक, दोन वर्षं. म्हणून लोक विहिरीकडे वळतात. वाईट हेतू नसतो कोणाचा.

मधला मार्ग असा निघू शकतो का: विहीर साफ करून तिच्यात नाल्याऐवजी शाळेच्या आणि मंदिराच्या छताचं पाणी सोडायचं?

गिरणामाय
@नवखा_सरपंच, छताचं पाणी चांगलंच. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी बाहेर सोडून द्यायचं, छतावरची धूळ-विष्ठा जाते, मग गाळणीतून आत. हिशोबही सांगते: २०० चौरस मीटर छत, आपल्याकडचा साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, थोडी तूट धरली तर वर्षाला सव्वा लाखाच्या आत लिटर.

भो_यावल
ताई, सव्वा लाख लिटर म्हणजे केळीच्या एका एकराला चार-पाच दिवस. पातळी काय वर येणार त्याने?

गिरणामाय
पातळी येणार नाही, तुम्ही बरोबर आहात. त्यासाठी डोंगरपायथ्याचे बांधच लागतील, दुसरं काही नाही. छताच्या पाण्याचा उपयोग एवढाच की पिण्याच्या बोअरच्या आसपास थोडं गोडं, बिनखताचं पाणी उतरेल. आणि विहिरीवर गावाचं लक्ष राहील, परत उकिरडा होणार नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत, एकाच्या नावावर दुसरं खपवू नये.

चोपडेकर
विहिरीत दोन पोती टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून मग नाला सोडला तर?

खान्देशकन्या
@चोपडेकर, नको हो. टीसीएल जंतूंसाठी आहे. नायट्रेटला आणि औषधाच्या बाटलीतल्या विषाला ते काही करत नाही. आणि मापही पोत्यात नसतं. पिण्याच्या विहिरीला चांगल्या पावडरचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. दहा फूट व्यासाच्या विहिरीत तेरा फूट पाणी असेल तर अंदाजे अठ्ठावीस-एकोणतीस हजार लिटर, म्हणजे सत्तर ग्रॅमच्या आसपास. एवढी मूठभर पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. पावडर उघड्यावर ठेवली तर तिची ताकद उडून जाते, हे ग्रामपंचायतीत कोणी पाहत नाही.

जंतूंची शंका असेल तर उपकेंद्रात छोटी बाटली मिळते, एचटूएसची. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळं झालं तर पाणी दूषित. बायकांना ही बाटली फार पटते, कारण डोळ्यांसमोर काळं होतं.

सुकीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. माझं डोकं बरंच शांत झालं. ग्रामसभेला सहा दिवस आहेत. काही झालं तरी विहीर साफ करायची असं मी आणि चुलतभावाने ठरवलंय. उद्या दोघं दोर लावून उतरतो आणि अंदाज घेतो.

तापीतीर
उतरू नका!!

ठिबकवाला
@सुकीकाठ, भाऊ, थांबा. हे वाचल्याशिवाय काही करू नका.

कुजलेल्या कचऱ्याच्या विहिरीत वायू साठतो. काहींना वास येतो, काहींना अजिबात येत नाही. माणूस खाली जातो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. आमच्या शेजारच्या गावात दोघं भाऊ असेच गेले. वर उभ्या माणसांना कळलंसुद्धा नाही काय झालं.

यारीवाला (विहिरीतला गाळ-कचरा वर ओढणाऱ्या यंत्राचा) बोलवा. विहिरीचं काम करणारी जुनी माणसं असतात, त्यांना म्हणावं वरूनच पंजाने-बादलीने जेवढं निघेल तेवढं काढा. खाली माणूस उतरवायचाच झाला तर आधी ब्लोअरने कितीतरी वेळ हवा सोडून, वायू मोजून, कमरेला दोर बांधून, आणि वर ओढायला चार जण उभे. कंदील सोडून पाहण्यावर विसंबू नका, विषारी वायूत कंदील जळत राहू शकतो.

सुकीकाठ
वाचलं. हात थरथरताहेत. नाही उतरत. चुलतभावाला फोन केला.

अंजनीकाठ
देव पावना भाऊ.

नवखा_सरपंच
कचरा निघाला तरी त्याचं काय करणार तेही आधी ठरवा. नाल्याच्या काठावर ढीग लावला तर पहिल्या पावसात परत तिथेच. बाटल्या, काच वेगळं. खांब-पाचोळा वेगळा, तो सुद्धा विहिरीपासून लांब खड्ड्यात.

आणि पिण्याच्या बोअरकडे एकदा बघून या. केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाचा बाहेरचा पाइप, जमिनीच्या वर किती आहे? भोवती ओटा आहे का? आमच्या बोअरचं केसिंग जमिनीला टेकलेलं होतं आणि भोवती डबकं. बोअरवाले केसिंग घालतात आणि बाहेरची फट मुरुमाने बुजवून निघून जातात, तिथून सगळं खाली उतरतं. आम्ही भोवती खणून वरचे काही फूट सिमेंटने भरलं, केसिंग दोन फूट उचललं, वर ओटा आणि पाणी वाहून जायला नाली. खर्च फार नाही.

भो_यावल
नमुना दिला. रासायनिक तपासणीला दोन लिटरचा कॅन, त्याच पाण्याने तीनदा विसळून. जंतूंची बाटली त्यांच्याकडूनच घ्यावी लागते, ती निर्जंतुक असते आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा म्हणाले. मोटर आधी थोडा वेळ चालवून मग पाणी घ्या, नाहीतर पाइपातलं शिळं पाणी जातं. कोणाला लागलं तर म्हणून लिहिलं.

नातीला तोवर सुनेचंच दूध. वरचं बंद.

सुकीकाठ
उशिरा लिहितोय, माफ करा. १ मेची ग्रामसभा झाली.

आधी गदारोळ झाला. एक काका म्हणाले, "शिकलेल्या पोरांना पाणी नको, कागद पाहिजे." मी कागद काढलाच नाही. पांझरेकाठींचं वाक्य आठवलं, खालचं पाणी दिसत नाही. म्हणून दोन काचेच्या बाटल्या नेल्या होत्या. एकीत कुंडीच्या पाण्यासारखं स्वच्छ पाणी, दुसरीत गावाच्या पाठीमागच्या गटारीचं, जे पावसात त्याच नाल्याला मिळतं. दुसरी बाटली टेबलावर ठेवली आणि विचारलं, हे विहिरीत सोडायचं का. बायका बसल्या होत्या त्या बाजूने एकदम आवाज आला, नाही. कुंडी भंडाऱ्याचं सांगितलं तेव्हा म्हातारी माणसं मान हलवत होती.

सगळं काही मनासारखं झालं नाही. विहिरीत नाला सोडायचा ठराव पुढे ढकलला, रद्द नाही. वरच्या बांधासाठी वनखात्याला पत्र जाणार आहे, केव्हा काय माहीत. शाळेच्या छताचं पाणी मात्र याच पावसाळ्यात. विहीर साफ झाल्याशिवाय एक थेंब आत जाणार नाही, हे लेखी घेतलं. यारी येऊन गेली, आतापर्यंत नऊ ट्रॉल्या निघाल्या, तळ अजून दिसत नाही. माणूस एकही उतरला नाही. पिण्याच्या बोअरभोवती ओटा सुरू झालाय.

वडिलांचं सांगायचं राहिलं. नायट्रेटचा आकडा त्यांना काही पटला नाही. पण ठिबकवाल्यांचा लाइट गेल्याचा किस्सा मी रात्री वाचून दाखवला, तर उठून बसले. म्हणाले, आपल्याकडेही दोनदा टाकी अशीच रिकामी झाली होती, मी समजलो गडी खत विकतो. तो गडी त्यामुळेच काम सोडून गेला. सकाळी त्याच्या घरी जाऊन आले. काय बोलले ते सांगितलं नाही.

आता म्हणतात एनआरव्ही आजच आण. @ठिबकवाला, आमची लाइन अडीच इंची आहे, साडेसातची मोटर. पितळी घेऊ की प्लास्टिकचा? आणि फिल्टरच्या आधी बसवू की नंतर?

ठिबकवाला
मोटर, मग एनआरव्ही, मग व्हेंच्युरी, मग जाळीचा फिल्टर. वाळूचा फिल्टर असेल तर तो व्हेंच्युरीच्या आधी. मी पितळी वापरतो. खरेदीला जाताना पाइपाचा तुकडा बरोबर न्या, आटे जुळत नाहीत म्हणून मला दोन चकरा पडल्या होत्या. बसवल्यावर टाकीत साधं पाणी भरून मुद्दाम मोटर बंद करून बघा, टाकीतलं पाणी खाली जातं का. आणि काकांना माझा नमस्कार सांगा.